वाक्याआधीचा उंचवटा

१

ताईंच्या कार्यशाळेत कामं वाटलेली होती. ताई माणसांना बोलतं करायच्या, आणि माणसं बोलून झाली की कात्री त्यांचं बोलणं कापायची. कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका शाळेतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी ते ठेवलं आणि मग नवऱ्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

काम साधंच होतं. शाळेत नाहीतर वस्तीच्या सभागृहात दहा-बारा जणांना गोल बसवायचं. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक खरी गोष्ट एका पानात मावेल एवढी लिहायची, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची, घरातले तीन-चार फोटो जोडायचे, की दोन मिनिटांची फिल्म तयार. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरचे जमायचे, पडद्यावर फिल्म लागायच्या, आणि आपल्याच माणसाचा आवाज पडद्यातून ऐकून लोक गप्प व्हायचे. रेकॉर्डिंग मात्र नेहमी अडगळीच्या खोलीत. मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, त्यात दोरीवर टाकलेली जाड रजई, आणि रजईच्या आत माइक. आवाज नको म्हणून पंखा बंद. सांगणारा माणूस घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि म्हणायचा, झालं बाई एकदाचं.

कात्री दीड वर्षापूर्वी स्वतः अशीच घामाघूम होऊन बाहेर आली होती. आयांच्या कार्यशाळेत ती आली, आणि तिने लॅपटॉप इतक्या पटकन हाताळला की ताईंनी तिला कामालाच ठेवून घेतलं. तेव्हापासून तिच्या पोटात एक भीती होती. सातवी शिकलेली बाई, हिला काय जमणार, असं कोणी म्हणू नये. म्हणून ती सांगितल्यापेक्षा जास्त करायची.

लॅपटॉपवर आवाज दिसतो, हे तिला सगळ्यात आवडलं होतं. एक आडवी रेषा. माणूस बोललं की रेषेवर उंचवटा, गप्प बसलं की सपाट. प्रत्येक वाक्याच्या आधी एक बारका उंचवटा असायचा. तो श्वास, ताईंनी शिकवलं होतं. थोडे काप, थोडे राहू दे, नाहीतर माणूस यंत्रासारखं वाटतं. पण कोणते ठेवायचे नि कोणते नाही, हे कात्रीला ठरवता येईना. चुकलं तर? त्यापेक्षा सगळेच कापलेले बरे. तिच्या हेडफोनची एक बाजू मुकी होती, कानही दुखायचा. म्हणून ती कानाने कापायचीच नाही. डोळ्याने कापायची. भाजी निवडावी तशी रेषा निवडत जायची आणि स्वतःशी पुटपुटायची, एकही ठेवायचा नाही.

एकदाच तिला वाटलं होतं की हे बारके उंचवटे जरा जास्तच सारखे दिसतात. सहावीतली पोरगी असो की निवृत्त ड्रायव्हर, वाक्याआधीचा उंचवटा तेवढाच, तसाच. मग तिला वाटलं, श्वास तो श्वास. त्यात काय वेगळं असणार.

२

तिची मुलगी साडेचार वर्षांची. घरात तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण सकाळी डोळे उघडले की सुरू आणि झोपेतसुद्धा एखादं वाक्य. कामाच्या दिवशी कात्री तिला खालच्या मजल्यावर नणंदेकडे ठेवायची. घरी लॅपटॉप आणला, तर रेडिओ मांडीवर बसून बघायची आणि आईच्या बोटावर बोट ठेवून म्हणायची, "एकही ठेवायचा नाही हं."

उन्हाळा संपता संपता रेडिओची खरखर सुरू झाली. हा शब्द नवऱ्याचा. तो व्हॅन चालवायचा आणि कशातही विनोद शोधायचा. रेडिओ बोलता बोलता मध्येच अडकायची. खिडकीतल्या मांजराकडे बोट दाखवायची, तोंड उघडायची आणि काहीच यायचं नाही. मांजर हा शब्दच जणू कोणी उचलून नेला होता. मग पाणी गेलं. तहान लागली की ती माठाजवळ जाऊन उभी राहायची. मग आत्या गेली, आणि नणंदेला ते फार लागलं.

"दिवसभर करते मी हिचं," नणंद म्हणाली, "आणि ही मला हाकसुद्धा मारत नाही. तू काही शिकवलंस का गं तिला?"

कात्रीने शपथेवर नाही म्हटलं. नणंदेने ते मान्य केलं, पण डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले. दोन्ही ठणठणीत. होतं असं कधी कधी, म्हणाले, कोणता शब्द कधी बंद झाला ते तारखेनिशी लिहून ठेवा, दोन महिन्यांनी पाहू. कात्रीला दोन महिने नव्हते. पुढच्या महिन्यात शाळेत प्रवेश होता, आणि तिथल्या मोठ्या बाई प्रत्येक मुलाला समोर बसवून पाच मिनिटं गप्पा मारायच्या. जे मूल बोलत नाही त्याला त्या पुढच्या वर्षी आणा म्हणायच्या. पुढच्या वर्षीपर्यंत रेडिओकडे किती शब्द उरतील, हा हिशेब कात्रीला करवत नव्हता.

३

ताई सहा महिने मागे लागल्या होत्या की तुझी स्वतःची एक नवी गोष्ट कर. इतरांचं इतकं कापतेस, एकदा स्वतःचं शिव. या वेळी कात्री हो म्हणाली. तिला वाटलं, रेडिओने ती फिल्म पाहिली तर काही आठवेल तिला.

गोष्ट तयारच होती, घरात शंभर वेळा सांगून गुळगुळीत झालेली. रेडिओ पहिल्यांदा आई म्हणाली ती आईला नाही, छतावरच्या पंख्याला. दहा महिन्यांची होती, पाळण्यात पडून वर बघत होती, आणि एकदम स्पष्ट म्हणाली, आई. कात्री धावत आली तर पोरगी तिच्याकडे बघायलाही तयार नाही. नवरा म्हणाला होता, बरोबर आहे, तोच एकटा तिला वारा घालतो.

शाळेला सुट्टी होती. दुपारी अडगळीच्या खोलीत कात्री एकटीच रजईत शिरली. ताई चावी देऊन बँकेत गेल्या होत्या. रेडिओ नणंदेकडे होती. पंखा बंद, खिडकी बंद, दाराला आतून कडी. तिने पान समोर धरलं आणि सांगून टाकलं. एका दमात, एकदाही न चुकता.

मग ती कापायला बसली. रेषेवर तिचे मोठे उंचवटे होते आणि प्रत्येकाच्या आधी तो बारका. पहिल्या बारक्यावर बोट गेलं आणि ते तिथेच थांबलं. कारण तिला नीट आठवत होतं की पहिल्या वाक्याआधी तिने श्वास घेतलाच नव्हता. ती श्वास रोखून बसली होती, घाबरली होती म्हणून.

तिने हेडफोन कानाला लावला. चालू बाजू. तो बारका उंचवटा मोठा केला, आवाज वाढवला आणि ऐकला.

तो श्वास नव्हता. कोणीतरी अगदी हळू, माइकच्या फार जवळून, तिचं वाक्य तिच्या आधी म्हणत होतं. "माझी मुलगी पहिल्यांदा आई म्हणाली." आणि मग तिचा स्वतःचा आवाज तेच म्हणाला. शिकवणाऱ्याच्या मागून शिकणाऱ्याने म्हणावं तसं.

आवाज लहान मुलाचा होता. र जरा जिभेत अडकणारा, शेवटचा शब्द ओढणारा. दीड महिना जो आवाज घरात पुरता ऐकू आला नव्हता, तो कात्रीने लगेच ओळखला.

४

तिने नणंदेला फोन केला. रेडिओ कुठे आहे? नणंद म्हणाली, कुठे असणार, माझ्यासमोर बसलीय, बटणं मोजतेय बोटांनी. मघापासून इथेच? इथेच गं बाई, कुठे पळून जाणारे का ती.

मग कात्रीने डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. लॅपटॉप घरी नेते, रेडिओ समोर बडबडायची, तिचं काहीतरी जुनं यात राहिलं असेल. पण जुन्यात ही गोष्ट नव्हती, ही आज रेकॉर्ड झालेली. बरं, भिंतीपलीकडे एखादं मूल असेल. भिंतीपलीकडे कुलूप लावलेला वर्ग होता, तो ती जाऊन बघून आली. बाकावर धूळ. मग आपलंच डोकं. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, मुलीची काळजी, मुका हेडफोन. हे कारण तिला सगळ्यात पटलं आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

ताई आल्या तेव्हा तिने फक्त एवढंच म्हटलं, हे जरा ऐकता का. ताईंनी हेडफोन लावला, मान तिरकी करून दोनदा ऐकलं.

"श्वास आहे गं," ताई म्हणाल्या. "छान आहे. जिवंत वाटतो. तुला नको असेल तर काप."

कात्रीने विचारलं, दुसऱ्या कोणाचा आवाज नाही वाटत? ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, कपाळाला हात लावून बघितलं आणि तिला घरी पाठवलं.

५

घरी एक वही होती. कात्रीला सगळं लिहून ठेवायची सवय, विसरलं तर काय या भीतीने. डाव्या पानावर कार्यशाळेचं काम: कोणाची गोष्ट, कशावर, कधी कापली. उजवं पान डॉक्टरांसाठी. दीड महिना ती दोन्ही पानं रोज भरत होती आणि एकदाही तिने डावीकडून उजवीकडे वाचलं नव्हतं.

डावीकडे, सहावीतली मुलगी, हरवलेल्या मांजराची गोष्ट, सोमवारी कापली. उजवीकडे, मंगळवार, मांजर बंद. डावीकडे, निवृत्त ड्रायव्हर, पुराच्या पाण्यातून बस काढली ती गोष्ट. उजवीकडे दुसऱ्या दिवशी, पाणी. डावीकडे, आत्याने वाढवलेली शिंपीण. उजवीकडे तिने वाचलंच नाही.

नवऱ्याला ती वही दाखवली तर तो म्हणाला, अगं, मांजर आणि पाणी कुठल्या गोष्टीत नसतं? दहा गोष्टी शोध, दहांमध्ये सापडतील. हे खरंच होतं. त्याचं सगळं बरोबर होतं आणि तरी त्याने वही मिटून तिच्या हातात न देता वर फडताळात ठेवली.

कापलेलं परत आणता आलं असतं तर तिने आणलं असतं. पण ताईंचा एक नियम होता आणि तो कात्रीला नेहमी मोठा वाटत आलेला. माणूस जे बोलला आणि नंतर नको म्हणाला, ते त्याचं खासगी. फिल्म झाली की मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, कायमचं. कात्रीने ते सगळं स्वतःच्या बोटाने पुसलं होतं. लोक तिला धन्यवाद म्हणाले होते.

आता एकच गोष्ट न कापलेली उरली होती, आणि रेडिओकडे मोजून तीन-चार शब्द. त्यात एक आई. दुसऱ्या दिवशी कात्रीने ताईंना हात जोडून सांगितलं की माझ्या गोष्टीतला एकही श्वास काढायचा नाही. ताई हसल्या. कात्री, आणि श्वास ठेवा म्हणते, म्हणाल्या, बरं बाई, ठेवू.

६

शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात पडदा लागला. सतरंज्या भरल्या होत्या, मागे बायका उभ्या होत्या. रेडिओ कात्रीच्या मांडीवर होती. सकाळीच तिने वेणी घालताना दोनदा आई म्हटलं होतं, केस ओढले म्हणून, आणि कात्रीने मुद्दाम तिसऱ्यांदा ओढले होते.

चौथी फिल्म तिची. पाळण्याचा फोटो आला, आणि तिचा आवाज.

तिला पहिल्याच वाक्याला कळलं. आवाज स्वच्छ होता. कुठे खरखर नाही, कुठे हुंकार नाही, दोन वाक्यांच्या मध्ये नुसती पोकळी. ती पोकळी तिला आंघोळीनंतर कानात पाणी राहावं तशी जाणवत होती. लोक पंख्याच्या जागी हसले. नवरा सगळ्यात मोठ्याने हसला. शेवटी टाळ्या वाजल्या.

ताई तिच्याजवळ वाकल्या आणि कानात बोलल्या. "काल बसून मीच साफ केलं. सगळ्यांच्या फिल्म एवढ्या नितळ आणि तुझीच तेवढी राहिली होती, मला बघवेना. अगदी तुझ्यासारखं केलं बघ."

मूळ रेकॉर्डिंग? ते पुसलं की, नियम तो नियम. कात्रीने मान हलवली. एवढ्या मायेने केलेल्या कामाला काय बोलणार.

रेडिओने तिची बाही ओढली. तोंड वर केलं, ओठ उघडले, गळ्याची शीर हलली. काही आलं नाही. रेडिओने जरा वाट पाहिली. मग तिने शेजारच्या अनोळखी बाईची बाही ओढली आणि तिच्याकडे तोंड वर करून अगदी तसेच ओठ उघडले.

७

बाहेर चहा चालला होता. कात्री रेडिओला उचलून अडगळीच्या खोलीत आली. तिथे जुना लॅपटॉप आणि माइक तसाच लावलेला होता. पंखा बंद. ती रजईत शिरली, मुलीला मांडीवर घेतलं, बटण दाबलं. पुन्हा सांगायचं, तेच, शब्दाला शब्द. तो आवाज परत येईल, आणि या वेळी आपण जपून ठेवू, कोणाच्या हाती देणार नाही.

"माझी मुलगी पहिल्यांदा आई म्हणाली," तिने सुरुवात केली आणि रेषेकडे पाहिलं. तिचा मोठा उंचवटा होता. त्याच्या आधी सपाट. दुसरं वाक्य. आधी सपाट. तिसरं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. ती थांबली. रेषा शांतपणे पुढे सरकत राहिली आणि रजईत त्या दोघींचा घाम नि गरम हवा.

मग रेषेवर एक बारका उंचवटा उठला.

कात्री बोलली नव्हती. तिने श्वासही धरून ठेवला होता. आणि तिच्या मांडीवरून, गेल्या कित्येक आठवड्यांत ऐकलं नव्हतं इतक्या खणखणीत आवाजात, रेडिओ म्हणाली, "आई, इथे पंखा का बंद आहे?"

तिने पोरीला इतकं घट्ट धरलं की रेडिओ ओरडली, आई, दुखतंय. मग म्हणाली, आत्याकडे मांजर आलंय. मग म्हणाली, मला पाणी हवंय. सगळं होतं, जिथल्या तिथे होतं. कात्री रडत होती आणि हसत होती. आता मोठ्या बाईंनी पाच मिनिटं काय, पाच तास बसवावं.

सहज, नुसतं पुन्हा एकदा ऐकायचं म्हणून तिने हेडफोन कानाला लावला, थोडं मागे नेलं. आधी तो बारका उंचवटा आला. कोणीतरी अगदी हळू, माइकच्या फार जवळून म्हणत होतं, "आई, इथे पंखा का बंद आहे?" मग रेडिओने तेच म्हटलं, शिकल्यासारखं.

हळू बोलणारा आवाज या वेळी लहान मुलाचा नव्हता, मोठ्या माणसाचा होता. तो ओळखायला कात्रीला वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायची कोणाला सवय असते. तिने पुढचं ऐकलं. मांजराआधी तीच. पाण्याआधी तीच.

दार वाजलं. ताई आत आल्या, रजई बाजूला झाली, उजेड डोळ्यांवर आला. "अगं, इथे आहेस होय. आणि नवीन गोष्ट केलीस? दोघींची?" त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी लॅपटॉपसाठी हात पुढे केला. "आण. उद्या बसून साफ करून देते."

मागचं ऐकतानाही रेकॉर्डिंग बंद झालेलं नव्हतं, रेषा पुढे सरकतच होती. कात्रीने नको म्हणायला तोंड उघडलं, पण तिची नजर रेषेवर होती, आणि तिथे कोणीही बोललेलं नसताना एक बारका उंचवटा आधीच उठला होता.

मग रेडिओने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून ताईंकडे केला.

"घ्या ताई," ती म्हणाली. "एकही ठेवायचा नाही हं."